गाय दाबली की सकाळ उडते

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी संकलनाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सभासद नंबर टाकायचा, लिटर आणि फॅट मशीनवरून आपोआप येणार, आणि माणसानं फक्त दोन गोष्टी निवडायच्या: दूध गाईचं की म्हशीचं, आणि वेळ सकाळची की संध्याकाळची. दोन ओळींत चार गोल बटणं. घरी सगळं ठीक वाटलं होतं. पहिल्याच पहाटे सचिवांचा फोन आला, "सर, गाय दाबली की सकाळ उडतीया. सकाळ दाबली की गाय जातीया. आणि हितं किटल्या घेऊन रांग लागलीया."

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोरच उभी असते, त्यामुळे तिथं हा प्रश्न येत नाही. संस्थेत किटलीतलं दूध कशाचं, हे नोंदवावंच लागतं. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, गाईचा 3.5 आणि 8.5 धरून. चुकीचं बटण दाबलं गेलं, तर ते दहा दिवसांच्या बिलात सभासदाच्या खिशाला लागतं.

चूक माझी होती. ती समजण्यासाठी जुना टेबल फॅन आठवावा. त्याच्या बुडाशी चार बटणं असायची: 0, 1, 2, 3. दोन दाबलं की एक आपोआप वर यायचं. आत एक पत्र्याची पट्टी असते, आडवी सरकणारी. प्रत्येक बटणाच्या दांडीला एक खाच असते. बटण दाबलं की दांडी पट्टीला जरा बाजूला ढकलते, त्यामुळे आधी अडकलेलं बटण सुटतं, स्प्रिंग त्याला वर फेकते, आणि पट्टी परत येऊन नव्या बटणाला अडकवते. बटणांना एकमेकांची काही माहिती नसते. सगळा करार त्या पट्टीत असतो. जुन्या मोटारींच्या रेडिओलाही स्टेशन बदलायला अशीच बटणं होती, म्हणून संगणकाच्या पडद्यावरच्या या गोल बटणांना रेडिओ बटण म्हणतात.

पडद्यावर पट्टी नसते. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं द्यावी लागते, आणि ती देण्याची रीत प्रत्येक टूलकिटची वेगळी. (टूलकिट म्हणजे बटणं, खिडक्या, मेनू यांचा तयार संच, प्रत्येकानं बटण पहिल्यापासून रंगवत बसू नये म्हणून केलेला.) वेबपानावर प्रत्येक बटणाला ग्रुपचं नाव लिहून देतात. एका फॉर्ममधली, एकाच नावाची बटणं एका पट्टीवर येतात. नावात एक अक्षर चुकलं की ते बटण पट्टीतून सुटलं. टीके या जुन्या टूलकिटची रीत मला सगळ्यात देखणी वाटते. तिथं बटणं एकच व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचा एक डबा, वाटून घेतात. प्रत्येक बटणाची किंमत वेगळी, आणि डब्यात जी किंमत असेल ते बटण भरलेलं दिसतं. एका डब्यात एकच वस्तू मावते, म्हणून दोन बटणं एकदम भरलेली दिसूच शकत नाहीत.

जावा भाषेच्या स्विंग या टूलकिटमध्ये ग्रुप ही वेगळी वस्तू असते आणि बटणं एकेक करून तिच्यात घालावी लागतात. ती विसरलात तर गाय आणि म्हैस दोन्ही भरलेली दिसतील, भोवती कितीही सुबक चौकट काढा.

मी वापरलं होतं क्यूटी. तिथं ग्रुप सांगितला नाही, तर टूलकिट स्वतःच अंदाज करतं: एकाच आईच्या पोटातली रेडिओ बटणं एका ग्रुपची. आई म्हणजे ज्या खिडकीत किंवा चौकटीत ती ठेवलेली असतात ती. मी बटणं दोन वेगळ्या ओळींत मांडली होती, मध्ये चांगली जागा सोडली होती. पण क्यूटीत ओळ लावणारा लेआउट फक्त जागा ठरवतो, तो आई होत नाही. चारही बटणांची आई एकच खिडकी होती. म्हणून चौघांत मिळून एकच भरलेलं राहायचं, आणि गाय दाबली की सकाळ उडायची.

माणसाचा डोळा वेगळ्याच हिशोबानं चालतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं 1923 साली मांडलं की जवळजवळच्या गोष्टी आपण न ठरवताही एक गट म्हणून पाहतो. ओळींमध्ये जागा सोडली की डोळ्याला दोन गट दिसतात. संगणकाला ती जागा दिसत नाही. डोळ्याचा ग्रुप आणि कोडमधला ग्रुप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जुळवणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम आहे. क्यूटीतसुद्धा आधी या दोन्ही एकाच वस्तूत होत्या: बटणांचा ग्रुप म्हणजेच दिसणारी चौकट. 2005 च्या चौथ्या आवृत्तीत त्या तोडल्या. आता ग्रुप अदृश्य असतो, नुसती पट्टी. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

मी दोन ग्रुप केले, एकात जनावर, दुसऱ्यात वेळ. प्रत्येक बटणाला ग्रुपमध्ये एक क्रमांक दिला: गाय 1, म्हैस 2. क्रमांक आपण दिला नाही तर क्यूटी उणे दोनपासून खाली स्वतःचे देत जातं, आणि उणे एकचा अर्थ "अजून काहीच निवडलेलं नाही". क्रमांकांचा फायदा असा की प्रत्येक बटणावर वेगळा कान लावून बसावं लागत नाही. ग्रुपलाच विचारायचं, कोण दाबलं गेलं?

मग प्रश्न आला, सुरुवातीला कोणतं भरलेलं असावं? वेळ घड्याळावरून ठरवता येते, ती मी भरून दिली. जनावराचं मात्र रिकामं ठेवलं. सचिव म्हणाले, आमच्याकडं बहुतेक म्हशीच, म्हैस भरूनच ठेवा. मी ऐकलं नाही. आधीच भरलेल्या बटणाकडं घाईत कुणी बघत नाही, आणि गाईचं दूध म्हशीच्या दरानं लागलं तर ते कळत नाही. रिकामं असेल तर 'जतन करा' हे बटणच उठत नाही, त्यामुळे बघावंच लागतं. यात अडचण एकच. रेडिओ बटणांचा करार असा, की एकदा कुणी भरलं की परत दाबून ते रिकामं होत नाही. टेबल फॅनचं कुठलंही बटण अर्धवट दाबलं की सगळी सुटायची, तशी सोय इथं नाही. म्हणून प्रत्येक सभासदाची नोंद झाली की मी क्षणभर ग्रुपचा करार उठवतो, बटण रिकामं करतो आणि करार परत लावतो.

सचिवांचा एक हात किटलीवर असतो, माउस त्यांना नकोच. ग्रुप नीट लागल्यावर टॅबच्या एका दाबात जनावराच्या ओळीवर, आणि बाणाच्या कळीनं गाईवरून म्हशीवर, असं ते न बघता करू लागले. आधी हाच बाण म्हशीवरून पुढं सरकून सकाळवर जायचा.

महिन्याभरानं त्यांचा परत फोन आला. काही सभासद दोन्ही दूध एकत्रच आणतात, "मिक्सचं पण बटण टाका की." मी तिसरं बटण केलं, क्रमांक 3 देऊन त्याच ग्रुपमध्ये घातलं. बाकी कोडला हात लावावा लागला नाही. मिक्स दाबलं, आणि म्हशीचा ठिपका आपोआप सुटला.