व्हर्च्युअल मशीन हळू चालतंय? सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे वाचा

"लिनक्सवर विंडोज चालवायचंय, कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. त्यापाठोपाठ दुसरी तक्रार येते: "एक टाकलं, ते फार हळू चाललं म्हणून दुसरं टाकलं, आता एकही धड चालत नाही." पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्यात तुमचे दोन-दोन दिवस वाया जाताना आम्ही पाहतो, म्हणून हे पत्रक.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक; लिनक्सवर विंडोज चालतं ते याच्यात. ते वेगाने चालायला प्रोसेसरमधली एक खास सोय चालू असावी लागते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. आजच्या जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये ती असते, पण बऱ्याच संगणकांवर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बंद ठेवलेली असते. ती बंद असेल तर केव्हीएम, म्हणजे ही सोय वापरणारा लिनक्सचा भाग, चालत नाही. मग क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरनेच उलगडून चालवतं आणि विंडोजचं इन्स्टॉलेशन तासन्‌तास रेंगाळतं. व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरने तर 6.1 आवृत्तीपासून या सोयीशिवाय मशीन चालवणंच बंद केलं आहे. थोडक्यात, दोष बायोसमध्ये आहे आणि तुम्ही सॉफ्टवेअर बदलत बसता.

केव्हीएम खिडक्यांतून वापरायचा प्रोग्रॅम, व्हर्ट-मॅनेजर, याची सूचना देतो बरं का. नवीन व्हर्च्युअल मशीन बनवताना पहिल्याच खिडकीत 'केव्हीएम उपलब्ध नाही' असा इशारा दिसतो. बहुतेक जण तो न वाचता पुढे जातात. एका ग्राहकाने असंच पुढे जाऊन विंडोज बसवलं, ते रखडलं म्हणून काढून व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, तेही सुरू होईना म्हणून तिसरं उतरवलं. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा डिस्कवर तीन अर्धवट प्रयत्नांचा पसारा पडून होता. बायोसमधली एक ओळ बदलली आणि काम झालं.

म्हणून आधी एवढं पाहा. फाईल मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या, मूळ फोल्डरमधलं 'डेव्ह' फोल्डर उघडा. त्यात 'केव्हीएम' नावाची फाईल असेल तर सोय चालू आहे. नसेल तर मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा. इंटेलच्या मशीनवर 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एसव्हीएम मोड' असं काहीसं नाव शोधा. काही बोर्डांवर हा पर्याय ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेला असतो. 'व्हीटी-डी' ही वेगळी गोष्ट आहे. नुसती ती चालू करून उपयोग नाही. आणि बायोस अपडेट केला की ही सेटिंग पुन्हा बंद होऊ शकते. काल चालणारं व्हर्च्युअल मशीन आज अचानक मंदावलं, तर आधी इथेच बघा.

आता निवडीचं. घरच्या लिनक्ससाठी आम्ही केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर सुचवतो. केव्हीएम 2007 पासून लिनक्स कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे, त्यामुळे कर्नल अपडेट झाला तरी वेगळं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बांधावं लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्सचं तसं नाही: प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल पुन्हा तयार व्हावं लागतं, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सेटिंग) चालू असेल तर त्यावर डिजिटल सहीही लागते. तरी व्हर्च्युअलबॉक्स वाईट नाही. तेच व्हर्च्युअल मशीन विंडोजच्या संगणकावरही न्यायचं असेल, तर आम्ही स्वतः व्हर्च्युअलबॉक्सच बसवून देतो. फक्त एखादी दुसरी प्रणाली चाखून पाहायची असेल तर ग्नोम बॉक्सेस हे साधं सॉफ्टवेअर पुरतं. पण एकाच वेळी दोन-तीन ठेवू नका. कर्नल 6.12 पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेतं, आणि त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सच्या बऱ्याच आवृत्त्या सुरूच होत नाहीत.

मेमरीबाबत आमचा नियम साधा आहे: संगणकाच्या निम्म्याहून जास्त रॅम पाहुण्या प्रणालीला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला, देऊ नका. 8 जीबीच्या लॅपटॉपवर 4 जीबी द्या. विंडोज 11 ला किमान तेवढी लागतेच, शिवाय टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि 64 जीबी डिस्कही. व्हर्च्युअल टीपीएम केव्हीएमवर जोडता येतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो 7.0 पासून आहे. व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान प्रकार) डिस्क निवडली तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. घाबरू नका, डिस्क बिघडलेली नसते. व्हर्टआयओचे ड्रायव्हर त्यांच्या वेगळ्या आयएसओ फाईलमधून लोड करावे लागतात.

"फोनवरच का सांगत नाही, मशीन का आणायला लावता?" असं काही जण नाराजीने विचारतात. बायोसचा स्क्रीन आम्हाला दुरून दिसत नाही, आणि प्रत्येक कंपनीचा बायोस वेगळा. फोनवर अंदाजाने सांगितलं आणि तुम्ही भलताच पर्याय बदललात, तर मशीन सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून आम्ही आधी बायोस उघडून पाहतो, मगच सॉफ्टवेअरला हात लावतो. विंडोज बसवून देतो तेव्हा व्हर्टआयओ ड्रायव्हर, सामायिक फोल्डर आणि कॉपी-पेस्ट हे तिन्ही तुमच्यासमोर चालवून दाखवतो, आणि बायोसमध्ये काय बदललं ते कागदावर लिहून देतो.

येताना लॅपटॉपचा चार्जर, लिनक्सचा ॲडमिन पासवर्ड आणि विंडोजची लायसन्स की आणा. पाहुण्या विंडोजलाही स्वतःचं लायसन्स लागतं, आणि ते तुमचंच असावं लागतं. बायोसला पासवर्ड घातला असेल तर तोही आठवून ठेवा. तो नसेल तर आम्हालाही पुढे जाता येत नाही.