उलटा टांगलेला पाव

डिसेंबरात मिलानमधल्या एखाद्या बेकरीत डोकावलं, तर भट्टीतून नुकतेच निघालेले घुमटाकार पाव वटवाघळांसारखे उलटे लटकलेले दिसतात. बुडाजवळून सळ्या आरपार खुपसलेल्या, टोपी जमिनीकडे. हा पानेत्तोने, इटलीचा नाताळचा गोड पाव. आत मनुका, संत्र्याच्या आणि महाळुंगाच्या पाकवलेल्या साली.

सरळ ठेवला तर तो बसतो, म्हणून ही उलटी शिक्षा. दोष लोण्याचा. करंजीच्या पिठात मोहन जास्त पडलं की पारी खुसखुशीत होते, कारण तूप ग्लुटेनच्या, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाच्या, धाग्यांना एकमेकांत गुंतू देत नाही. पानेत्तोनेला मात्र नेमके तेच धागे लांबलचक आणि चिवट हवे असतात. इटलीच्या 2005 च्या नियमानुसार यात लोणी किमान 16 टक्के आणि अंड्याचा बलक 4 टक्के लागतो, शिवाय 20 टक्के मनुका-सालींचं वजन. एवढा भार पेलणारी जाळी भट्टीतून निघताना अजून लिबलिबीत असते. फुगलेला स्टार्च निवल्यावरच घट्ट होतो. तोवर पाव उलटा टांगला की त्याचं वजनच त्याला ताणून धरतं. दहा-बारा तासांनी तो सरळ उभा राहतो.

लोणी उशिरा घालणं ही दुसरी युक्ती. संध्याकाळी पहिलं पीठ मळायचं, रात्रभरात ते तिप्पट फुगू द्यायचं आणि सकाळी उरलेलं लोणी, बलक, साखर, मनुका मिसळून पुन्हा मळायचं. साखरही काही साधी नाही. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे यीस्ट तहानलेलं राहतं आणि पीठ रडतखडत फुगतं.

ते फुगवतं कोण? ‘लिएव्हितो माद्रे’, म्हणजे आई-विरजण. मैदा आणि पाण्याचा हा आंबलेला गोळा, ताजं पीठ-पाणी घालून वर्षानुवर्षं जगवलेला. काही जण तो फडक्यात गुंडाळून दोरीने करकचून बांधतात, आणि आतल्या वायूने गाठोडं टणक होतं. या गोळ्यात यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू एकत्र नांदतात. त्यांची वाटणीही ठरलेली: जिवाणूंना माल्टोज साखर आवडते, तर इथल्या काही यीस्टना ती पचतच नाही, ते दुसऱ्या साखरा खातात. एकमेकांच्या ताटात हात घालायचं कारणच नाही. आम्लामुळे पावाला हलकी आंबूस चव येते आणि बुरशीला पाय रोवणं जड जातं.

मुळात हा घरगुती, बुटका पाव होता. ‘पानेत्तो’ म्हणजे छोटा पाव, पुढचं ‘-ओने’ म्हणजे थोरला, म्हणजे नावातच ‘थोरला छोटा पाव’. मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्झा याच्या स्वयंपाकघरातल्या तोनी नावाच्या पोऱ्याने तो शोधला, ही गोष्ट गोड आहे, पण इतिहास नव्हे. आजचा उंच घुमट विसाव्या शतकातला. 1919 मध्ये मिलानमध्ये बेकरी काढणाऱ्या आंजेलो मोत्ताने कागदी साचा वापरून पावाला वर चढायला लावलं.

मिलानमध्ये नाताळच्या पानेत्तोनेचा एक तुकडा राखून ठेवतात आणि 3 फेब्रुवारीला, घशाचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत ब्लेझच्या दिवशी, खातात. घसा बरा राहतो, असं म्हणतात. तुकडा तोवर चांगलाच कोरडा पडलेला असतो, गिळताना आधी घशालाच त्रास.