फ्रायव्हीलचे कुत्रे का चावत नाहीत

मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून दोनतीनदा सायकल काढली की थोड्या दिवसांनी हा प्रकार होतोच. पायडल मारतोय, चेन फिरतेय आणि मागचं चाक ढिम्म. मेकॅनिक बघून सांगतो, कुत्रे गेले, नवीन फ्रायव्हील टाका. (म्हणजे मागच्या चाकावरचं, चेन बसते ते दातेरी चक्र. खरं नाव फ्रीव्हील, पण तसं म्हणून दुकानात मागितलं तर लोक बघत बसतात.)

हे कुत्रे म्हणजे आतले छोटे लोखंडी खटके, साध्या सायकलीत बहुतेक दोनच. बाहेरच्या दात्यांच्या रिंगला आतून तिरप्या खाचा असतात. पायडल मारलं की खटका खाचेत अडकतो आणि चाक ओढलं जातं, पाय थांबवले की तो खाचांवरून घसरत राहतो, तीच ती टिकटिक. खटक्याला उभं ठेवते ती स्प्रिंग म्हणजे जेमतेम एक बारीक तार. आणि भार बघा, ६० किलोचा माणूस पुलाच्या चढावर १७ सेंटीमीटरच्या क्रँकवर, म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल असतं त्या हातावर, उभा राहिला, पुढे ४४ दाते मागे १८, तर खटक्यांवर अंदाजे २०० किलोचा जोर येतो! खटका पूर्ण उठलेला असेल तर तो हे सहज सोसतो, अर्धवट उठला तर सगळा जोर टोकावर, मग कड झिजून गोल होते आणि ऐन चढावर पाय रिकामा जाऊन आपण थेट दांड्यावर.

अर्धवट का उठतो? पावसाचं पाणी, चिखल, गंज आणि वर कुणीतरी प्रेमाने भरलेलं जाड ग्रीस. ती बिचारी तार त्या चिकट्यातून खटका उचलूच शकत नाही. म्हणून आधी चाक आडवं ठेवून फिरत्या आणि स्थिर भागामधल्या फटीत रॉकेल, नाहीतर डिझेल सोडा, उलटं फिरवत राहा, काळं पाणी संपलं की सुकवून शिलाई मशीनचं पातळ तेल. तरीही सटकत असेल तर मात्र कड गेलीय, तेव्हा कंजूसपणा नको, नवीनच टाका.

उघडायची हौस असेल तर दोन भोकांच्या झाकणाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मी हे चाळीच्या गॅलरीत केलं आणि आतल्या बेअरिंगचे १/८ इंचाचे छर्रे खालच्या मजल्यापर्यंत गेले. एक सापडलाच नाही, तसंच बंद केलं, दोन पावसाळे झाले, चालतंय.