दात पांढरा, रसायन पिवळं: निळ्या लाईटने घट्ट होणाऱ्या फिलिंगची पार्श्वभूमी

डोळ्यांना दिसणारा प्रकाश जो पदार्थ शोषतो, तो रंगीत असतोच. फिलिंग प्रकाशाने घट्ट करायचं तर त्यात प्रकाश शोषणारा पदार्थ लागतो; दातात भरायचं मात्र दाताच्याच रंगाचं हवं. डेंटिस्टच्या निळ्या लाईटचा सगळा इतिहास या पेचातून घडला आहे.

सुरुवात दवाखान्यात झाली नाही. ब्रुकलिन पॉलिटेक्निकमधले जेराल्ड ऑस्टर यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की रोझ बेंगालसारख्या रंगाच्या जोडीला सौम्य क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) असेल, तर साध्या प्रकाशातही पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी, तयार होतो. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, जोडीदाराकडून इलेक्ट्रॉन घेतो, आणि त्यातून निघालेले मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले, चटकन जोडले जाणारे तुकडे) मोनोमरची, म्हणजे सुट्या लहान रेणूंची, साखळी सुरू करतात.

दंतवैद्यकात त्या काळी दोन पेस्ट मिसळून फिलिंग घट्ट करत. मिसळल्या क्षणापासून घड्याळ सुरू, शिवाय आत हवेचे बुडबुडे. १९७०च्या सुमारास अतिनील प्रकाशाचे लाईट आले. त्यांचा प्रकाश शोषणारं बेंझोइन ईथर हे रसायन जवळजवळ रंगहीन होतं, हा मोठा फायदा; पण हे किरण फार खोल जात नसत आणि डोळ्यांना धोका होताच.

मग ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने कॅम्फरक्विनोन निवडलं. कापरापासून बनणारी ही पिवळीधमक पूड ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते. सोबतचं अमाइन (नायट्रोजन असलेलं एक रसायन) तिला हायड्रोजन देतं आणि साखळी खरी सुरू होते ती अमाइनच्या मूलकापासून. म्हणजे सूत्र ऑस्टर यांचंच: रंगीत रेणू आणि देणारा जोडीदार. १९७६ मध्ये मँचेस्टरला अशी पहिली फिलिंग भरली गेली.

या रसायनाला मी मनापासून दाद देतो, कारण काम करता करता त्याचा पिवळेपणा बराचसा ओसरतो. लाईट मारण्याआधी फिलिंग जास्त पिवळसर दिसतं ते त्यामुळेच. खुर्चीवरच्या दिव्यातही निळा प्रकाश असतो, म्हणून बाहेर काढलेली पेस्ट नारिंगी झाकणाखाली ठेवावी लागते. नाहीतर ती वेळेआधीच घट्ट होऊ लागते.

तरी थोडा पिवळेपणा उरतोच, आणि ब्लीच केलेल्या दातांच्या शेडमध्ये तो खटकतो. त्यावर कॅम्फरक्विनोनऐवजी टीपीओ या प्रकाश शोषणाऱ्या रसायनासारखे फिकट पर्याय आले. पण ते ४०० नॅनोमीटरजवळचा प्रकाश मागतात. फक्त निळा प्रकाश देणारे सुरुवातीचे एलईडी त्यांना पुरे पडेनात, म्हणून जांभळी आणि निळी अशा दोन्ही एलईडींचे लाईट निघाले. अशी पेस्ट घेण्याआधी आपला लाईट कोणत्या तरंगलांबीचा आहे, हे डेंटिस्टला पाहावंच लागतं.