पोटावरील एफ.जे. नळी आणि लहान आतड्याचा मधला भाग : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

अन्ननलिकेचा कर्करोग, जठराच्या तोंडाशी झालेला अडथळा, स्वादुपिंडाची तीव्र सूज किंवा ॲसिड पोटात गेल्याने झालेली इजा, अशा कारणांनी ज्यांना काही काळ तोंडाने जेवता येत नाही, त्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेने एक बारीक नळी बसवली जाते. रुग्णालयात तिला एफ.जे. ट्यूब (फीडिंग जेजुनोस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात थेट आहार पोहोचवणारी नळी) म्हणतात. या नळीचे साहित्य नेण्यासाठी बेळगाव शहरातून, तसेच खानापूर, निपाणी, हुक्केरी या भागांतून आमच्याकडे जे नातेवाईक येतात, त्यांच्या हातात डिस्चार्ज कार्ड असते. पण ते इंग्रजीत असते आणि घरी निघण्याच्या गडबडीत तोंडी सांगितलेले निम्मे विसरलेले असते. म्हणून हे पत्रक मराठीत काढले आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचनांत आणि या मजकुरात कुठे फरक आढळला, तर डॉक्टरांचेच प्रमाण मानावे.

नळी नेमकी कुठे उघडते?

प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते. जठराला लागून असलेला पहिला सुमारे २५ सें.मी. भाग म्हणजे आद्यांत्र. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिथे येऊन मिळतो. त्यापुढचा सुमारे अडीच मीटरचा भाग म्हणजे मध्यांत्र, ज्याला डॉक्टर जेजुनम म्हणतात, आणि उरलेले शेषांत्र. आद्यांत्र आणि मध्यांत्र यांच्या सांध्यावरचे वळण एका बळकट बंधाने पाठीमागच्या भिंतीला टांगलेले असते. ट्राइट्झ या शरीररचनातज्ज्ञाने १८५३ साली त्याचे वर्णन केले, आणि शल्यचिकित्सक आजही मोजमाप तिथूनच धरतात. कार्डावर ‘डी.जे.पासून २० सें.मी.’ असे काही लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ या वळणापासून तेवढ्या अंतरावर मध्यांत्रात नळी घातली आहे, एवढाच असतो.

मध्यांत्राची भिंत शेषांत्रापेक्षा जाड, रक्ताने भरलेली आणि आतून आडव्या वळ्यांनी दाट भरलेली असते. खानापूरच्या उतारावरील भातखाचरांना बांध घातले की पाणी जसे थांबत थांबत, मुरत मुरत खाली उतरते, तसाच या वळ्यांमुळे अन्नरस रेंगाळत पुढे जातो. वळ्यांवर अर्धा ते एक मि.मी. उंचीचे असंख्य रसांकुर असतात. साखर, प्रथिनांचे घटक आणि स्निग्ध पदार्थ यांचे बहुतांश शोषण आतड्याच्या याच वरच्या भागात होते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र शेषांत्राच्या अगदी टोकाला शोषले जाते. रसांकुरांवरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलत राहतात, आणि आतडे दीर्घकाळ रिकामे राहिले की हे अस्तर पातळ होऊ लागते. आतडे काम करत असेल तर डॉक्टर शिरेतून पोषण देण्यापेक्षा नळीने आतड्यात देणे पसंत करतात, याचे हे एक मोठे कारण आहे.

शोषणात इतका तरबेज असलेल्या या भागाकडे जठराकडे असणाऱ्या दोन गोष्टी मात्र नाहीत : साठवण्याची जागा आणि जंतू मारणारे तीव्र आम्ल. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

सावकाश, थेंबाथेंबाने

जठर एका वेळी लिटरभर अन्नही सामावून घेते आणि मग थोडे थोडे खाली सोडते. मध्यांत्रात ही सोय नसल्यामुळे, नाकातून जठरात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून देतात तसे सिरिंजने एकदम २०० मि.ली. ढकलले, तर पोटात कळ येते, घाम सुटतो, चक्कर येते आणि जुलाब लागतात. म्हणून एफ.जे. नळीचा आहार पिशवीतून किंवा पंपाने द्यावा. सुरुवात बहुधा तासाला २० ते २५ मि.ली.ने होते आणि वेग डॉक्टर सांगतील तसाच वाढवायचा असतो. ज्या सेटच्या पाकिटावर ‘२० थेंब = १ मि.ली.’ असे छापलेले असते, त्यात मिनिटाला २० थेंब सोडले तर तासाला ६० मि.ली. जाते. आहार दाट असेल तर थेंबाचा आकार बदलू शकतो. त्यामुळे थेंबांवर पूर्ण विसंबू नये, दर तासाला पिशवीवरील खुणा पाहाव्यात. पंप सोयीचा खरा, परंतु जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. तिकडच्या ग्राहकांनी पंप घेतला तरी एक साधी पिशवीही जवळ ठेवावी, असे आम्ही सुचवतो.

शक्ती यावी म्हणून आहारात गूळ, साखर किंवा ग्लुकोज परस्पर मिसळण्याची पद्धत फार आढळते. फार गोड द्रव आतड्यात पाणी ओढून घेतो आणि जुलाब वाढवतो. नाचणीची आंबील आणि डाळीचे पाणी यांविषयीही नेहमी विचारणा होते. आंबील गाळली तरी नळी तुंबवू शकते आणि डाळीच्या वरच्या पाण्यात पोषण फारच थोडे असते, त्यामुळे आहारतज्ज्ञांनी प्रमाणासह लिहून दिल्याशिवाय हे देऊ नये.

स्वच्छता

आम्लाचा पहारा नसल्याने हात साबणाने धुणे आणि पाणी उकळून थंड केलेले वापरणे, यांत सवलत नाही. बोअरचे किंवा विहिरीचे पाणी दिसायला कितीही नितळ असो. पावडर कालवून केलेला आहार पिशवीत ४ तासांपेक्षा अधिक काळ टांगू नये. आहारापूर्वी, आहारानंतर आणि सलग चालू असेल तर दर ४ ते ६ तासांनी ३० मि.ली. कोमट पाणी सिरिंजने सोडावे. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण मर्यादित केले असेल, तर त्यांना विचारूनच हे करावे. आहार चालू असताना रुग्णाचे डोके आणि छाती उशांनी उंच ठेवावी. सलाइनही चालू असेल तर आहाराच्या पिशवीवर ठळक अक्षरांत ‘पोटाची नळी’ असे लिहावे, कारण हा आहार चुकून शिरेत गेला तर जिवावर बेतते.

औषधे, तुंबणे आणि नळी निघणे

दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या किंवा विशिष्ट आवरणाच्या गोळ्या कुटून घालू नयेत. पातळ औषध मिळते का, ते डॉक्टरांना विचारावे. नळी तुंबल्यास ५० मि.ली.च्या सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन हळूच पुढे-मागे करावे. लहान सिरिंजने जोर लावला तर दाब वाढून नळी फाटते. तार, काडी किंवा थंड पेय घालू नये. नळी कधीही गोल फिरवू नये, आणि ती बाहेर आली तर परत आत सारण्याचा प्रयत्न न करता, छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून, निघालेली नळी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. हे छिद्र काही तासांतच मिटू लागते. पोट फुगणे, ताप, नळीभोवती पू किंवा हिरवट पाणी येणे, वारंवार उलटी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास आहार थांबवून डॉक्टरांना कळवावे.

साहित्य नेताना

नळीवर छापलेला क्रमांक म्हणजे तिची बाहेरची जाडी. १२ क्रमांकाची नळी ४ मि.मी. जाड असते. जोडणीच्या रंगावरूनही आम्ही ओळखू शकतो, त्यामुळे क्रमांक पुसला गेला असेल तर मोबाइलवर फोटो काढून आणावा. पिशवी आणि सेट रुग्णालयाने किंवा पाकिटावर सांगितलेल्या मुदतीनंतर बदलावेत. फोडलेले पाकीट परत घेतले जात नाही. न फोडलेले, मुदतीतले पाकीट मात्र बिलासह आणल्यास बदलून मिळते.