एसी मिलान : रेकॉर्ड आणि आकडेवारी

एसी मिलान हा इटलीतल्या मिलान शहरातला फुटबॉल क्लब, स्थापना १८९९. उभा करणाऱ्यांत हर्बर्ट किल्पिन हा इंग्लंडहून आलेला माणूस मुख्य होता आणि सुरुवातीला नावातच फुटबॉलसोबत क्रिकेटही होतं, पण ते पुढे सुटलं. इथले आकडे २०२४-२५ चा सीझन संपेपर्यंतचे आहेत. हे आकडे बघत बसलं की एक गोष्ट लगेच जाणवते, ती म्हणजे मिलानचे गाजलेले रेकॉर्ड बहुतेक गोल मारण्याचे नाहीतच, ते आहेत न हरण्याचे, गोल न खाण्याचे आणि वीस-पंचवीस वर्षं एकाच जर्सीत काढण्याचे. गुन्नार नॉर्डालसारखे अपवाद आहेत, त्याच्याकडे पुढे येऊच.

आधी ट्रॉफ्या उरकून टाकू. इटलीचं लीग टायटल, म्हणजे स्कुदेत्तो, १९ वेळा. पहिला १९०१ मध्ये, शेवटचा २०२१-२२ मध्ये. कोप्पा इतालिया, म्हणजे इटलीचा नॉकआउट कप, फक्त ५, आणि एवढ्या मोठ्या क्लबला हे शोभत नाही, पण मिलानने त्या कपाकडे फारसं मनावर घेऊन कधी बघितलंय असं वाटत नाही, शेवटचा २००३ चा. सुपरकोप्पा, म्हणजे लीग आणि कपात वर आलेल्या क्लबांची छोटी स्पर्धा, ८, त्यातली आठवी जानेवारी २०२५ मध्ये रियाधला, तीही त्याच शहरातल्या इंटरविरुद्ध ०-२ ने मागे पडून ३-२ अशी. खरं वजन युरोपात आहे: युरोपियन कप आणि चॅम्पियन्स लीग (एकाच स्पर्धेचं जुनं आणि नवं नाव) मिळून ७ (१९६३, १९६९, १९८९, १९९०, १९९४, २००३, २००७). याहून जास्त फक्त रिअल माद्रिदकडे आहेत. घरच्या लीगमध्ये युव्हेंटस पार पुढे आणि इंटरही आता एकने पुढे, पण युरोपात इटलीचा दुसरा कुठलाच क्लब मिलानच्या जवळपास नाही, इंटर आणि युव्हेंटस दोघांचे मिळूनसुद्धा पाचच होतात. सात जिंकल्या तशा चार फायनल हरल्याही आहेत, १९५८, १९९३, १९९५ आणि २००५. शेवटची इस्तंबूलची. हाफटाइमला लिव्हरपूलविरुद्ध ३-० ने पुढे होते, नंतर सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि पेनल्टीवर हरले. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला मॅच सुरू झाली होती, हाफटाइमला टीव्ही बंद करून झोपलेल्यांना सकाळच्या पेपरवर विश्वास बसला नसेल.

आता मुख्य रेकॉर्ड. सेरी ए, म्हणजे इटलीची वरची लीग, तिच्यात सलग ५८ मॅच न हरण्याचा. कोच फाबिओ कापेल्लो, पहिली एक मॅच तेवढी आधीच्या आर्रिगो साक्कीच्या हाताखालची. १९ मे १९९१ ला मिलान बारीकडून १-२ हरलं आणि त्यानंतर लीगमध्ये थेट २१ मार्च १९९३ पर्यंत कुणाकडूनच हरलं नाही. हिशोब असा: १९९०-९१ ची शेवटची १ मॅच, १९९१-९२ च्या सगळ्या ३४, आणि १९९२-९३ च्या पहिल्या २३. म्हणजे मधला अख्खा सीझन एकही हार नाही, २२ विजय आणि १२ बरोबरी. सेरी ए ३४ मॅचची असताना असा टायटल मिळवणारा हा पहिलाच संघ (१९७८-७९ मध्ये पेरूजियाही सबंध सीझन हरलं नव्हतं, पण त्यांनी इतक्या मॅच बरोबरीत सोडवल्या की टायटल मिलानच घेऊन गेलं). गंमत म्हणजे ही मालिका सुरू झाली ती पार्माविरुद्ध ०-० ने आणि मोडली तीही पार्मानेच, मिलानच्या घरच्या मैदानावर, सान सिरोवर येऊन, कोलंबियाच्या फाउस्तिनो आस्प्रियाच्या फ्री किकवर, १-०. त्याच सीझनला चॅम्पियन्स लीगमध्ये फायनलपर्यंतच्या दहाच्या दहा मॅच जिंकल्या आणि म्युनिकला फायनलमध्ये मार्सेकडून एका गोलने हरले.

त्या न हरलेल्या १९९१-९२ च्या टीमला कंटाळवाणी म्हणायची सोय नाही, ३४ मॅचमध्ये ७४ गोल मारले होते, एकट्या मार्को व्हॅन बास्टनचे २५, आणि शेवटच्या मॅचला फोज्जाच्या मैदानावर जाऊन ८-२ केलं होतं. पण दोनच वर्षांनी व्हॅन बास्टन घोट्याच्या दुखापतीने बाहेर, त्याचे डच जोडीदार गुलिट आणि रायकार्ड क्लब सोडून गेलेले, आणि १९९३-९४ चा टायटल याच क्लबने जिंकला तो ३४ मॅचमध्ये फक्त ३६ गोल मारून. मॅचला एकाच्या जरासं वर. लीगमध्ये टीमचा टॉप स्कोरर दानिएले मास्सारो, गोल ११. आजच्या काळात अकरा गोलवाला टॉप स्कोरर घेऊन मधल्या फळीतला क्लबसुद्धा निवांत झोपणार नाही. पण खाल्ले किती, तर १५. पूर्ण सीझनमध्ये पंधरा. मागे मौरो तास्सोत्ती, फ्रांको बारेसी, अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता आणि पाओलो माल्दिनी, आणि त्यांच्या मागे गोलमध्ये सेबास्तियानो रोस्सी, ज्याने त्याच सीझनला सलग ९२९ मिनिटं गोल न खाण्याचा सेरी ए चा रेकॉर्ड केला. तो फोज्जाच्या इगोर कोलीवानोवने गोल मारून थांबवला, आणि रेकॉर्ड स्वतः २२ वर्षं टिकला, २०१६ मध्ये युव्हेंटसच्या बुफोनने ९७४ मिनिटांवर नेला. बुफोन सगळ्यांना माहीत आहे, रोस्सी फारसा कुणाला आठवत नाही, त्याला लोक म्हणायचे की समोर ती चौकडी असताना गोलमध्ये कुणीही उभं राहिलं असतं. हे काही बरोबर नाही, ९२९ मिनिटांत एकदाही चूक न करणं हे बसून होत नाही.

आणि ह्याच कंजूष टीमने १८ मे १९९४ ला अथेन्समध्ये योहान क्रॉइफच्या बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये ४-० ने धुतलं. तेही बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही सस्पेंड असताना! मास्सारोचे २, साविचेविचचा लांबून गोलकीपरच्या डोक्यावरून टाकलेला १, फ्रान्सच्या मार्सेल देसायीचा १. सबंध सीझनची कसर एका रात्रीत काढल्यासारखं.

सर्वाधिक मॅचच्या यादीत वर कोण आहेत हे सांगायलाच नको, डिफेंडर. पाओलो माल्दिनी ९०२, बारेसी ७१९, कोस्ताकुर्ता ६६३, आणि चौथा जानी रिवेरा ६५८ हा डिफेंडर नसलेला पहिला खेळाडू. माल्दिनीने १६ व्या वर्षी, २० जानेवारी १९८५ ला उदिनेसेविरुद्ध बदली म्हणून खेळायला सुरुवात केली आणि ३१ मे २००९ ला थांबला, मधे दुसरा क्लब नाहीच. ७ स्कुदेत्तो, ५ युरोपियन कप, ८ फायनल. सेरी ए मधल्या त्याच्या ६४७ मॅचचा रेकॉर्ड २०२० मध्ये बुफोननेच मोडला. इस्तंबूलच्या त्या फायनलचा पहिला गोल माल्दिनीचाच होता, पहिल्याच मिनिटाला, वयाच्या ३६ व्या वर्षी. चॅम्पियन्स लीग फायनलमधला सगळ्यात झटपट गोल आणि सगळ्यात वयस्कर स्कोरर, दोन्ही रेकॉर्ड एका फटक्यात, आणि मॅच हरली.

माल्दिनींचं घराणं हा वेगळाच विषय आहे. वडील चेझारे माल्दिनी यांनी कॅप्टन म्हणून १९६३ चा क्लबचा पहिला युरोपियन कप वेम्बलीवर उचलला, आणि बरोब्बर ४० वर्षांनी पाओलोने कॅप्टन म्हणून २००३ चा उचलला, तोही इंग्लंडमध्येच, मँचेस्टरला, युव्हेंटसला पेनल्टीवर हरवून. पाओलोचा मुलगा दानिएल २०२१-२२ च्या स्कुदेत्तोच्या टीममध्ये होता, म्हणजे आजोबा, बाप आणि नातू तिघांकडे मिलानचा लीग टायटल. क्लबने बारेसीचा ६ नंबर आणि पाओलोचा ३ नंबर निवृत्त केलाय, ३ मध्ये एवढी सवलत ठेवली की पाओलोची मुलं पहिल्या टीमला खेळली तर त्यांना तो मिळू शकतो, पण दानिएल २७ नंबर घालून खेळला. शहाणा मुलगा.

आता अपवाद, नॉर्डाल. स्वीडनचा, तिकडे अग्निशमन दलात नोकरी होती, १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं आणि जानेवारी १९४९ मध्ये मिलानला आला. व्यावसायिक झाला म्हणून स्वीडनने राष्ट्रीय टीममधून काढला, मिलानची चांदी झाली. २६८ मॅचमध्ये २२१ गोल, हा क्लबचा रेकॉर्ड, आणि सेरी ए चा टॉप स्कोरर पाच वेळा, हा आजतागायत इटलीत कुणी मोडलेला नाही. १९४९-५० मध्ये त्याचे ३५ गोल होते, ३६ करायला २०१६ पर्यंत कुणी आलं नाही, मग नापोलीच्या इग्वाइनने केले. त्या १९४९-५० मध्ये मिलानने ३८ मॅचमध्ये ११८ गोल मारले, तुरिनला जाऊन युव्हेंटसला ७-१ ने झोडपलं, आणि तरी टायटल युव्हेंटसनेच नेलं! ग्रेन, नॉर्डाल आणि लीडहोम ह्या तीन स्वीडिश लोकांनी पुढच्या वर्षी मात्र काम फत्ते केलं, १९०७ नंतर ४४ वर्षांनी स्कुदेत्तो आला, आणि त्याच सीझनला पालेर्मोला ९-० हरवलं. गोलांच्या यादीत दुसरा युक्रेनचा शेवचेन्को, १७५, म्हणजे नॉर्डालपेक्षा ४६ कमी. मग रिवेरा १६४ आणि अल्ताफिनी १६१. अल्ताफिनीने १९६२-६३ च्या युरोपियन कपात १४ गोल मारले होते, फायनलचे दोन्ही धरून, हा एका सीझनचा रेकॉर्ड रोनाल्डोने २०१४ मध्ये १७ करून मोडला.

बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिलानच्या खेळाडूंना ८ वेळा, पैकी तीन व्हॅन बास्टनला. १९८८ आणि १९८९ ला तर पहिले तिन्ही नंबर मिलानचेच होते.

शेवटी नको असलेले आकडे. मिलान दोनदा सेरी बी मध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेलंय, १९८० मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात शिक्षा म्हणून आणि १९८२ मध्ये स्वतःच्या कर्तबगारीने, इंटरवाले हा विषय काढल्याशिवाय राहत नाहीत कारण ते स्वतः कधीच खाली गेलेले नाहीत. २००५-०६ मध्ये मिलानने मैदानावर ८८ पॉइंट मिळवले, पण काल्चोपोली प्रकरणात (रेफ्रींच्या नेमणुकांवर दबाव आणल्याचा घोटाळा) ३० कापले, त्यामुळे टेबलमध्ये ५८ दिसतात; २०२१-२२ चा टायटल ८६ वर जिंकला होता. पुढच्या सीझनला उणे ८ वरून सुरुवात केली आणि त्याच वर्षी अथेन्सला लिव्हरपूलला २-१ हरवून सातवा युरोपियन कप घेतला.

डर्बीत, म्हणजे इंटरविरुद्धच्या मॅचमध्ये, सगळ्यात मोठा विजय ११ मे २००१ चा, ६-०, आणि डर्बीतले सर्वाधिक १४ गोल शेवचेन्कोचे. पण २०२३ च्या सुरुवातीपासून सलग सहा डर्बी हरले, आणि सहावी सगळ्यात झोंबणारी, २२ एप्रिल २०२४, कारण त्या रात्री मिलानला हरवूनच इंटरने आपला विसावा स्कुदेत्तो आणि जर्सीवरचा दुसरा तारा (दर दहा स्कुदेत्तोंना एक) पक्का केला, जो मिलानला अजून मिळायचाय. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्तेओ गाब्बियाच्या ८९ व्या मिनिटाच्या हेडरने ती रांग तुटली. गाब्बिया कोण, तर डिफेंडर.

वयाचे रेकॉर्ड अजब आहेत. सेरी ए मध्ये सगळ्यात लहान वयात खेळलेला फ्रान्चेस्को कामार्दा मिलानचा, २०२३ मध्ये, वय १५. आणि सगळ्यात मोठ्या वयाचा स्कोरर इब्राहिमोविच, मार्च २०२३, वय ४१ वर्षं १६६ दिवस. त्याआधी हा रेकॉर्ड कोस्ताकुर्ताकडे होता, मे २००७ चा. दोघांचेही गोल पेनल्टीवर, दोघांच्याही समोर उदिनेसे, आणि दोन्ही मॅच मिलान हरलं, एक २-३ आणि दुसरी १-३.