आधी कुत्रा, मग माणूस, मग पुन्हा कुत्रा

कुत्र्याच्या पोटातली गाठ शोधायला सोनोग्राफी करतात, यात आता नवल राहिलेले नाही. पण या तंत्राच्या सुरुवातीलाही कुत्रेच होते, हे फारसे कुणी सांगत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी कुत्र्यांच्या शरीरात पित्ताचे खडे ठेवले आणि बाहेरून ध्वनिलहरी सोडून ते हुडकून काढले. मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सरासरी १५४० मीटर वेगाने जातो, हे मोजमापही त्यांचेच. गाठ किती खोल आहे, हे आजचे मशीनसुद्धा याच आकड्यावरून काढते.

माणसांच्या पोटातल्या गाठींवरचा गाजलेला शोधनिबंध १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये छापला. धातूतले तडे शोधायचे यंत्र त्यांनी आधी कापून काढलेल्या गाठींवर चालवून पाहिले होते. पाण्याची गाठ आणि घट्ट गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांच्या लक्षात आले.

हे तंत्र कुत्र्यांकडे परत यायला बराच काळ गेला. पडद्यावर हलते चित्र दिसू लागेपर्यंत धापणाऱ्या प्राण्याची तपासणी अवघडच होती. १९८० च्या दशकात ते लहान प्राण्यांच्या दवाखान्यांत रुळू लागले. तोवर भिस्त हाताच्या चाचपणीवर आणि एक्स-रेवर. एक्स-रेत रक्त आणि मांसल अवयव सारख्याच छटेचे दिसतात. गाठ फुटून पोटात रक्त साचले, की सगळे पांढुरके होऊन गाठच हरवते. सोनोग्राफीत उलटे घडते. द्रव काळा दिसतो आणि त्यात गाठ उठून दिसते. माझ्या मते कुत्र्यांच्या बाबतीत या तंत्राचा सर्वांत मोठा उपकार हाच, कारण प्लीहेची, म्हणजे जठराशेजारच्या रक्ताने भरलेल्या अवयवाची, गाठ बऱ्याचदा फुटल्यावरच कळते. हिरड्या पांढऱ्या पडलेला, उभेही न राहवणारा कुत्रा टेबलावर असतो. पोटावरचे केस काढून, जेल लावून प्रोब टेकवला की काही मिनिटांत रक्त दिसते.

मात्र गाठ दिसणे वेगळे आणि ती कसली आहे हे कळणे वेगळे. २००२ मध्ये २१ कुत्रे आणि एका मांजरावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृतात किंवा प्लीहेत मध्ये उजळ आणि भोवती गडद कडे असलेली गाठ दिसली, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता त्यात ७४ टक्के निघाली. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा गाठी साध्या होत्या. प्लीहेत साकळलेले रक्त आणि हिमॅन्जिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा जीवघेणा कर्करोग पडद्यावर हुबेहूब सारखे दिसू शकतात. नुसत्या चित्रावरून कुत्र्याला कायमचे झोपवायचा निर्णय घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते. सुईने नमुना घ्यावा तर अनेकदा नुसते रक्तच हाती येते. म्हणून कुत्र्याची प्रकृती झेपण्यासारखी असेल, तर कर्करोग छातीत पसरलेला नाही ना हे तपासून अख्खी प्लीहा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. प्लीहेवाचून कुत्रा जगू शकतो.